निर्वासितालाही नाव असते

तुर्कस्तानातील बोद्रुमजवळच्या समुद्रकिनाऱ्यावर २ सप्टेंबर २०१५ च्या सकाळी एका चिमुरड्याचा देह लाटांनी आणून टाकला. अंगात तांबडा सदरा, निळी चड्डी, पायांत बूट. वाळूत तोंड खुपसून झोपी गेल्यासारखा तो पडला होता. आलान कुर्दी हे त्याचे नाव. सीरियातील यादवीला तोवर चार वर्षे उलटून गेली होती आणि दोन लाखांहून अधिक माणसे मारली गेली होती. हे आकडे युरोपातील सुशिक्षितांना ठाऊक नव्हते काय? अवश्य होते. परंतु त्या आकड्यांनी कोणाची झोप उडविली नव्हती. ती त्या एका बालकाच्या छायाचित्राने उडविली. स्वीडनच्या रेडक्रॉसकडे येणारा निधी त्या आठवड्यात कितीतरी पटींनी वाढला. पुढे काही आठवड्यांतच तो ओघ आटला, हेही तितकेच खरे. त्याचा विचार पुढे करू.

आता वाचकांना एक प्रश्न विचारावासा वाटतो. आलान कुर्दीचे छायाचित्र आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांपुढे आजही उभे राहील. मग मरिचझापी हे नाव उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे कोणता चेहरा येतो? बरिसाल, खुलना, जेसोर या नावांसरशी कोणाचा आवाज ऐकू येतो? प्रामाणिक उत्तर असे आहे की, काहीही येत नाही. सुंदरबनातील एका बेटावर आपल्याच देशात, आपल्याच पोलिसांच्या बंदुकांपुढे उभ्या ठाकलेल्या हजारो निर्वासितांपैकी एकाचेही नाव महाराष्ट्रातील सुशिक्षित माणसाला सांगता येणार नाही. हा दोष त्या निर्वासितांचा नाही. त्यांची कथा दडपणाऱ्यांचा तो आहे, आणि ती ऐकून घेण्याचे कष्ट न करणाऱ्या तुमचा-आमचाही आहे.

बाबासाहेबांना निवडून देणारी माणसे

कोण होती ही माणसे? ती बहुसंख्येने नमःशूद्र होती. पूर्व बंगालच्या खाड्या-नद्यांच्या प्रदेशात भातशेती, मासेमारी आणि नौकानयन करून राहणारा हा कष्टकरी समाज. महाराष्ट्राचे त्याच्याशी एक ऋणानुबंधाचे नाते आहे, पण ते आपण पार विसरून गेलो आहोत. १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना मुंबई प्रांतातून संविधान सभेवर जाता आले नाही, तेव्हा त्यांना बंगालच्या विधिमंडळातून निवडून देण्यासाठी जिवाचे रान केले ते जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. ज्या समाजाच्या प्रतिनिधींनी बाबासाहेबांसाठी संविधान सभेचे द्वार उघडले, तोच समाज वर्षभरात फाळणीच्या पलीकडच्या बाजूला जाऊन पडला.

बाबासाहेबांना या समाजाचे पुढे काय होणार याची कल्पना होती. नोव्हेंबर १९४७ मध्येच त्यांनी एक जाहीर निवेदन काढून पाकिस्तानातील अस्पृश्य बांधवांना भारतात निघून येण्याचे आवाहन केले. कराचीतील सफाई कामगारांना अत्यावश्यक सेवेच्या नावाखाली रोखून धरले जात होते. त्याविरुद्ध त्यांनी पंतप्रधान नेहरूंकडे तक्रारही केली. याउलट, जोगेंद्रनाथ मंडल यांनी मुस्लिम लीगच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि ते पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री झाले. तीन वर्षांत त्यांचा भ्रमनिरास झाला. ऑक्टोबर १९५० मध्ये लियाकत अली खान यांना राजीनामा देऊन ते कलकत्त्यास आले. त्यांचे ते राजीनामापत्र जिज्ञासूंनी अवश्य वाचावे. त्यात ‘अल्पसंख्याकांवर अन्याय होत आहे’ एवढे मोघम वाक्य लिहून मंडल थांबलेले नाहीत. दिघरकुल, कालशिरा अशी गावांची नावे घेऊन कोठे काय घडले, पोलीस कसे वागले, हे त्यांनी क्रमाने सांगितले आहे. एका मंत्र्याने आपल्याच सरकारविरुद्ध दिलेली ती साक्ष आहे. ती आज पाऊणशे वर्षांनीही टिकून आहे, याचे कारण तिच्यात गावांना नावे आहेत.

कायद्यातील पंक्तिप्रपंच

आपल्याकडे आल्यावर या माणसांचे काय झाले? पश्चिम पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांसाठी १९५४ मध्ये नुकसानभरपाई व पुनर्वसनाचा कायदा झाला आणि सोडून आलेल्या मालमत्तेच्या बदल्यात त्यांना काही ना काही मिळाले. पूर्वेकडून आलेल्यांना ही तरतूद लागू नव्हती. एप्रिल १९५० च्या नेहरू-लियाकत करारामुळे ही मंडळी परत आपल्या घरी जातील, असे दिल्लीने गृहीत धरले होते! जे परत जाण्याचा विचारही करू शकत नव्हते, त्यांना ‘तुमचे घर तिकडे आहेच’ असे ऐकविण्यात आले.

पुढे १९५८ पासून दंडकारण्य प्रकल्पात त्यांना बस्तर-कोरापुटच्या खडकाळ, जंगली मुलखात पाठविण्यात आले. जन्मभर पाण्यावर राहिलेल्या माणसांना अशा जागी आणून सोडले की, जेथे विहिरीला पाणी लागण्याची वाट पाहावी लागे. शिवाय ती भूमी ज्यांची होती त्या वनवासी बांधवांना तरी कोणी विचारले होते? दोन गरीब समाजांना एकमेकांच्या पुढ्यात उभे करून सरकार कागद भरण्यास मोकळे झाले.

बंगालमधील डावे पक्ष सत्तेबाहेर होते तोवर निर्वासितांना बंगालमध्येच वसवा, अशी मागणी करीत होते. १९७७ मध्ये ते सत्तेवर आले. त्या शब्दावर विसंबून १९७८ मध्ये हजारो कुटुंबे दंडकारण्यातून बंगालकडे निघाली. बहुतेकांना वाटेतच अडवून परत धाडण्यात आले. सुमारे तीस हजार माणसे मरिचझापी बेटावर पोचली. त्यांनी सरकारकडे अन्नही मागितले नाही, निवाराही मागितला नाही. त्यांनी बांध घातले, कूपनलिका खोदल्या, शाळा काढली, दवाखाना काढला, होड्या बांधण्याचा व्यवसाय सुरू केला आणि वसाहतीला नेताजीनगर असे नाव दिले. २४ जानेवारी १९७९ रोजी जमावबंदीचा हुकूम काढून बेटाची नाकेबंदी करण्यात आली. अन्न-पाणी-औषध अडवू नका, असे उच्च न्यायालयाला सांगावे लागले. ३१ जानेवारीला गोळीबार झाला. मे महिन्याच्या मध्यास झोपड्या जाळून बेट रिकामे करण्यात आले. कारण काय दिले? तर राखीव वनाचे रक्षण! सर्वहारांचे राज्य आणणाऱ्या सरकारने त्या सर्वहारांपेक्षा वनाचा कायदा मोठा मानला. आपल्या जिवाचे मोल वाघाहूनही कमी ठरले, ही त्या बेटांवरील लोकांची भावना पुढे अभ्यासकांनी नोंदवून ठेवली आहे.

किती मेले? सरकारी हिशेबाने मोजके. निर्वासितांच्या म्हणण्याप्रमाणे शेकडो. काहींच्या मते हजारो. खरा आकडा आज कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही, कारण त्या वेळी मृतांची नावे लिहून घेण्यास कोणी गेलेच नाही. नाव लिहिले नाही की, माणूस मेल्याचाही पुरावा उरत नाही.

माझीही एक चूक

हे सारे लिहिताना इतरांकडे बोट दाखविणे सोपे आहे. म्हणून प्रथम स्वतःची चूक सांगतो. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी मी गडचिरोली जिल्ह्यातील मुलचेरा भागात बंगाली निर्वासितांच्या गावांवर वृत्तांत लिहिण्यासाठी गेलो होतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात ही गावे वसविली आहेत, हेही पुण्या-मुंबईच्या अनेक वाचकांना ठाऊक नसते. गावांची संख्या, कुटुंबे किती, प्रत्येकी जमीन किती, सिंचन किती, असा सर्व तपशील मी गोळा केला. वृत्तांत छापून आला, मला समाधान वाटले.

गेल्या वर्षी पुन्हा त्याच गावी जाण्याचा योग आला. तेव्हा भेटलेले एक गृहस्थ आता सत्तरीला आलेले आहेत. त्यांनी मला ओळखले. चहा झाल्यावर ते शांतपणे म्हणाले, “साहेब, तेव्हा तुम्ही जमीन किती ते विचारलं. कुठून आलो, कसे आलो, ते नाही विचारलं.”

मी खाली मान घातली आणि मग ते जे सांगत गेले ते ऐकत राहिलो. १९६४ च्या जानेवारीत खुलन्याला दंगल उसळली तेव्हा ते दहा वर्षांचे होते. रात्रीतून निघायचे ठरले. वाटेत ओळख पटू नये म्हणून वडिलांच्या सांगण्यावरून आईने कपाळीचे सिंदूर पुसले आणि हातातील शंखाच्या बांगड्या स्वतःच्या हाताने फोडल्या. नवरा समोर उभा असताना! आपल्याकडे एखाद्या सुवासिनीला नवऱ्यादेखत मंगळसूत्र तोडून टाकावे लागले तर तिच्या मनाचे काय होईल, याची माता-भगिनींनी कल्पना करावी. नदीपार नेणारा नावाडी शेजारच्या गावचा मुसलमान होता. त्याने भाडे घेतले नाही, आणि पहाट होण्यापूर्वी परत फिरताना तो रडत होता. रायपूरजवळच्या माना छावणीत पोचल्यावर तंबूत सर्वप्रथम वडिलांनी काय मिळविले असेल, तर आईसाठी शंखाच्या बांगड्यांची एक जोडी. पण त्या हातात चढविताना आईचे हात थरथरत होते, असे ते म्हणाले. त्यांचे एक काका कुटुंबासह मलकानगिरीहून मरिचझापीला गेले होते. वर्षभराने परतले ते पुन्हा त्याविषयी एक अक्षर बोलले नाहीत.

ही कथा पंचवीस वर्षांपूर्वीही त्या अंगणात होती. मी ती न घेता एकरांचा हिशेब घेऊन परतलो.

त्यांचे नाव मी येथे देत नाही, कारण त्यांनीच देऊ नका म्हणून सांगितले. त्यांचे काही आप्त अजून पलीकडे आहेत. विचारून, मान राखून नाव झाकणे वेगळे आणि नाव कधी विचारलेच नाही हे वेगळे.

अश्रूंची प्रतवारी

आता आपल्याकडील मानवतावादाच्या ठेकेदारांकडे वळू. निर्वासितांच्या व्यक्तिगत कथा सांगितल्याने समाजाचे मन द्रवते, हे या मंडळींना उत्तम ठाऊक आहे. म्हणूनच कोणाच्या कथा सांगायच्या आणि कोणाच्या नाहीत, याचाही ती काटेकोर विचार करतात. १९७१ मध्ये सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. त्यांत हिंदूंचे प्रमाण फार मोठे होते, आणि ही गोष्ट तत्कालीन सरकारने जाणूनबुजून पुढे येऊ दिली नाही, हे गॅरी बास या अमेरिकी अभ्यासकाने २०१३ मधील आपल्या पुस्तकात कागदपत्रांनिशी दाखविले आहे. देशात दंगली उसळू नयेत, हा सरकारचा हेतू होता. तो समजून घेता येईल. परंतु युद्ध संपले, बांगलादेश झाला, पन्नास वर्षे लोटली, तरी तो पडदा कोणी का उचलला नाही? संकटकाळातील मौन हे मुत्सद्दीपण असू शकते, पण जन्मभराच्या मौनाला काय म्हणावे?

मुद्दा इतरांचे दुःख नाकारण्याचा मुळीच नाही. २०१७ मध्ये म्यानमारमधून सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात गेले. त्यांतील लेकरांचे हाल खोटे होते, असे कोणताही सहृदय माणूस म्हणणार नाही. कोणास आश्रय द्यावा हा राज्यशासनाचा, सुरक्षेचा प्रश्न. दुःख खरे की खोटे हा वेगळा प्रश्न. आमचे म्हणणे एवढेच की, त्याच राखाइन प्रांतात, त्याच ऑगस्ट महिन्यात खा माउंग सेक परिसरात रोहिंग्या दहशतवाद्यांनी हिंदूंची कत्तल केली, तिची वार्ता आपल्या किती चर्चासत्रांत आली? मे २०१८ मध्ये अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने तिचा अहवाल प्रसिद्ध केला. ९९ पर्यंत हिंदू स्त्री-पुरुष-बालके मारली गेल्याचा त्याचा निष्कर्ष आहे. त्या संस्थेविषयी आपले मतभेद असतील. तरीही मान्य केलेच पाहिजे की, वाचलेल्या आठ जणांच्या साक्षी शांतपणे, ताडून पाहून नोंदविल्या गेल्या, म्हणूनच ती कत्तल जगाला नाकारता आली नाही. शंभर सभांतील घोषणांनी जे साधले नसते, ते आठ साक्षींनी साधले.

आपल्या मंडपात काय घडते?

आणि येथेच आपल्यालाही स्वतःकडे पाहावे लागेल. आपण निर्वासितांविषयी बोलतो, वारंवार बोलतो; पण त्यांचे ऐकतो किती? एखाद्या विस्थापित बांधवाला व्यासपीठावर बोलवायचे, शाल-श्रीफळ द्यायचे, दोन मिनिटे बोलू द्यायचे, आणि मग वक्त्याने त्याच्या दुःखावर तासभर भाषण ठोकायचे, हे चित्र आपल्या परिचयाचे नाही काय? अशा वेळी तो माणूस पाहुणा नसतो, पुरावा असतो. सभा संपल्यावर त्याला स्थानकावर सोडण्यास तरी कोणी जाते का?

दुसरे, अतिशयोक्तीचा मोह. मरिचझापीतील मृतांचा आकडा आपल्या सोयीने फुगविणारा वक्ता निर्वासितांचा मित्र नव्हे. एक खोटी गोष्ट सापडली की, विरोधक तिच्या आडून शंभर खऱ्या गोष्टी खोट्या ठरवितात. ज्यांच्याकडे सत्य आहे त्यांना भर घालण्याची गरजच काय?

आणि तिसरे, सर्वांत महत्त्वाचे. माझ्या त्या वृद्ध मित्राच्या कथेत आईच्या फुटलेल्या बांगड्या आहेत आणि रडणारा नावाडीही आहे. आपण बांगड्या सांगितल्या आणि नावाडी गाळला, तर ती कथा त्यांची राहत नाही, आपली होते. १३ जून १९७१ रोजी लंडनच्या ‘संडे टाइम्स’मध्ये पूर्व बंगालमधील नरसंहाराचा वृत्तांत छापून आला, तो लिहिणारे अँथनी मस्कारेन्हस हे कराचीच्या गोमंतकीय ख्रिस्ती समाजातील पत्रकार. पत्नी-मुलांना सुखरूप लंडनला पोचवून मगच त्यांनी तो छापू दिला. त्याची सुरुवात आकड्यांनी होत नाही. पाकिस्तानी गस्तीच्या तावडीत सापडलेल्या एका चोवीस वर्षांच्या तरुणाच्या थरथरण्याने होते. तो तरुण मुसलमान होता. त्याच वृत्तांतात हिंदूंना कसे वेचून मारले जात होते, तेही स्पष्ट आहे. मस्कारेन्हस यांनी दोन्ही सांगितले. म्हणून जगाने त्यांच्यावर विश्वास ठेवला. ऐकणाऱ्याच्या मनात द्वेष पेटवून आपण निर्वासिताचे घर उभारू शकत नाही. त्याला आपला संताप नको आहे; आपला शेजार हवा आहे.

सहानुभूतीचे पुढे काय?

प्रारंभी म्हटले की, आलान कुर्दीच्या छायाचित्राने उसळलेला ओघ काही आठवड्यांत आटला. अश्रूंचा हा स्वभावच आहे. कथा ऐकून मन द्रवते, ते द्रवलेले मन कामाला लागले नाही तर पुन्हा घट्ट होते. म्हणून कथेच्या शेवटी ‘आता काय करायचे’ हा प्रश्न आला पाहिजे.

त्या वृद्ध गृहस्थांच्या नातीचे उदाहरण घ्या. ती अकरावीत शिकते, मराठी आपल्या मुलींसारखीच बोलते. नमःशूद्र जात पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातींच्या यादीत आहे. महाराष्ट्राच्या यादीत नाही. ज्या समाजाच्या प्रतिनिधींनी बाबासाहेबांना संविधान सभेत पाठविले, त्या समाजाच्या मुलीला बाबासाहेबांच्या महाराष्ट्रात जातीचा दाखला मिळत नाही! डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व दुरुस्ती कायदा संमत झाला, मार्च २०२४ मध्ये त्याचे नियम निघाले. त्याचे आपण स्वागत केले, ते योग्यच होते. परंतु कायद्याचे स्वागत केल्याने कर्तव्य संपत नाही. अर्ज कोण भरून देणार? कागद कोण जुळविणार? दाखल्यासाठी कार्यालयाच्या पायऱ्या त्या म्हाताऱ्या माणसाबरोबर कोण चढणार?

पहिले काम तर याहूनही साधे आहे. १९६४ मध्ये दहा वर्षांची असलेली मुले आज सत्तरी ओलांडत आहेत. उल्हासनगरच्या छावणीत वाढलेल्या सिंधी कुटुंबांत कराची-शिकारपूर डोळ्यांनी पाहिलेली माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली असतील. जम्मूच्या छावण्यांतून महाराष्ट्रात शिकण्यास आलेले काश्मिरी पंडित तरुण आता स्वतःच प्रौढ झाले आहेत. आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत असे एक तरी घर असेल. तेथे एक वही घेऊन जा. भाषण करू नका. कोठून आलात, कोणी त्रास दिला, कोणी वाचविले, काय बरोबर आणले, काय मागे राहिले, हे विचारा. जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहा. जे सांगायचे नसेल ते खोदून काढू नका. छापण्यापूर्वी त्यांना वाचून दाखवा.

निघताना मी त्या गृहस्थांना विचारले, “आईच्या त्या बांगड्या अजून आहेत का?” ते आत गेले आणि फडक्यात बांधलेली एक बांगडी घेऊन आले. दुसरी आईबरोबर गेली, म्हणाले. मग त्यांनी आईचे नाव सांगितले आणि मला ते वहीत लिहायला लावले. इतक्या वर्षांत ते कोणी विचारलेच नव्हते.